सहा मिनिटांचा कोन

गायमुखच्या चढावर, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका खड्ड्यात आमच्या गाडीचे पुढचे डावे चाक आपटले, आणि त्या दिवसापासून सरळ रस्त्यावर गाडी सरळ ठेवायची तर स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवून धरावे लागू लागले. एरवी समोरून माझ्याकडे पाहणारे त्यावरचे बोधचिन्ह, भिंतीवरची तसबीर कलावी तसे कललेले दिसे. घरच्यांच्या मते हा माझ्या नजरेचा दोष होता.

घराजवळच्या एका दुकानात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घेतले. दहा मिनिटांत संगणकावरचे लाल आकडे हिरवे झाले, छापील कागद हातात पडला आणि स्टिअरिंग मात्र होते तसेच वाकडे राहिले. तक्रार केली तेव्हा तिथल्या मुलाने कागदाकडे बोट दाखवले. कागद हिरवा असल्यावर गाडीवाल्याने आणखी काय बोलावे!

मग एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. त्यांनी लगेच यंत्राला हातच लावला नाही. आधी चारही चाकांची हवा पाहिली, गाडी जॅकवर घेऊन पुढची चाके दोन्ही हातांनी हलवून टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकांना ढिला खेळ आहे का ते तपासले आणि मग मला म्हणाले, "साहेब, टायरवरून आडवा हात फिरवा. आता उलटा फिरवा." एका दिशेने गुळगुळीत लागलेले रबर उलट दिशेने बारीक किसणीसारखे हाताला लागले. चाक नुसते पुढे फिरत नव्हते, थोडे आडवेही घासत चालले होते.

या आडवेपणाचे माप फार सूक्ष्म असते. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत आडवा अवघ्या १ मिलिमीटरचा फरक पडला, तर तो जेमतेम ६ मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या दहाव्या हिश्श्याचा कोन होतो. पण कागदावरचा हिशेब मांडला तर तेवढ्यानेही ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवे फरफटते. गाडी टायर खाते असे आपण म्हणतो, ते हे. चाकाच्या या आडव्या कोनालाच टो म्हणतात, आणि आमच्यासारख्या साध्या छोट्या गाडीत बहुधा पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवता येतो. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बिघडला असेल तर काहीतरी वाकले आहे असे समजावे. सुदैवाने आमचे काही वाकले नव्हते.

त्यांनी आधी मागच्या चाकांची मापे वाचली, मग स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून कुलपाच्या दांड्याने पक्के बांधले आणि त्यानंतरच खाली उतरून दोन्ही बाजूंचे चेकनट, म्हणजे टाय रॉड जागीच घट्ट धरणारे नट, सैल करून टाय रॉड पाव-पाव आट्याने फिरवले. पहिल्या दुकानात नेमके हे बांधणेच राहिले असावे. दोन्ही चाके एकमेकांशी जुळली होती, पण जुळवताना स्टिअरिंग कुठे आहे हे कोणी पाहिलेच नव्हते, आणि यंत्राला चाकांचे तेवढे कळते.

मग पामबीच मार्गावर चक्कर झाली. गाडी ते चालवत होते आणि मी शेजारी बसून फक्त त्या चिन्हाकडे पाहत होतो. ते सरळ होते. तरीही स्टिअरिंगवरची पकड त्यांनी क्षणभर सैल केली तेव्हा गाडी अगदी हळू डावीकडे झुकली आणि माझा चेहरा पडला. ते हसले. "हा रस्त्याचा उतार आहे, साहेब. पाणी वाहून जायला ठेवलेला. तेवढं मी काढणार नाही."

त्या संध्याकाळी परतताना गायमुखला मी गाडी मुद्दाम पहिल्या गिअरवर आणली. तो खड्डा पेव्हर ब्लॉकनी बुजवलेला होता, रस्त्यापेक्षा चांगला चार बोटे उंच.