वाऱ्याने पाडलेलं लाकूड

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी फणसाड अभयारण्यात वनरक्षक होतो. ते चार-पाच तास चौकीचं दार पाठीने दाबून धरण्यात गेले. सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी मी आणि एक वनमजूर कोयता नि कटर मशीन घेऊन निघालो. सुपेगावकडची पायवाट मी डोळे मिटून चालायचो. दहा मिनिटांत चुकलो. खुणेची झाडंच जागेवर नव्हती. आणि उजेड किती! जिथे भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं, तिथे डोळ्यांवर हात धरावा लागत होता.

आमच्याकडे जांभ्यावर माती वीतभर. मुळं खाली जाणार कुठे? आडवीच पसरतात, त्यात पावसाने माती सैल झालेली. एक थोराड जांभूळ अख्खा उलटला होता. उभ्या राहिलेल्या मुळांत जांभ्याचे दगड दातांसारखे अडकलेले, खालच्या खड्ड्यात पाणी, आणि त्यात बेडकं ओरडायलाही लागली होती. शेजारचा ऐन वृक्ष मुळापाशी हलला नव्हता, पण पुरुषभर उंचीवर पिळून फाटला होता, ओला कपडा पिळावा तसा. गारंबीच्या वेलीने तर वर चार झाडांचे शेंडे बांधलेले. एक पडलं, त्याने बाकीची ओढून नेली.

एक शेकरू फांदीच्या टोकापर्यंत आलं, थांबलं. पुढे उडी मारायला झाडच नव्हतं. दोनदा मागे जाऊन पुन्हा त्याच टोकाशी आलं. शेवटी खोडावरून जमिनीवर उतरलं आणि पळालं. शेकरू जमिनीवर मी क्वचितच पाहिलंय.

दुपारी वाडीवरचे एक म्हातारबाबा आले. तोंडाला रुमाल, हातात कोयती.

"साहेब, घरावर कौल राह्यलं नाय. वाशापुरतं लाकूड द्या. एवढं पडलंय, सडूनच जानार ना?"

"नाही देता येत, बाबा."

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०००मध्ये अभयारण्यांतून मेलेली, वाऱ्याने पडलेलीसुद्धा झाडं हलवायला मनाई केली. वाट अडली तर तेवढं कापून बाजूला सारायचं, बाहेर न्यायचं नाही. का, तेही मला पाठ होतं. पडक्या खोडात किडे होतात, त्यावर सुतार पक्षी जगतो. वर पडलेल्या भोकातून ऊन आलं की सावलीत वर्षानुवर्षं खुरटलेली रोपं उसळी घेतात. अर्थात रानमोडीसारखं तणही तितक्याच जोमाने घुसतं, ते भाषणात कुणी सांगत नाही. नियम मला आजही बरोबर वाटतो. पण छप्पर उडालेल्या माणसाला सुतार पक्ष्याचं सांगायला माझी जीभ रेटेना. मी फक्त "वरून ऑर्डर आहे" म्हणालो.

बाबा गेले नाहीत. कोयती काढून आमच्याबरोबर फांद्या तोडायला लागले. तासभर. कापलेले ओंडके आम्ही तिघांनी मिळून वाटेच्या कडेला लावले, सगळे मोजून. मग त्यातल्याच एकावर बसून त्यांनी पाणी प्यायलं.

"चौकीचे पत्रे राह्यले काय?"

"दोन उडाले."

"मग काय घातलंव?"

"ताडपत्री."

बाबांनी ओंडक्यावर हात फिरवला. "मग एखादी आमाला पन बगा," म्हणाले.