म्हातारं माणूस पडणारच, मग चौकशी कसली?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी गाठतंच : "ताई, त्या वयात माणूस पडणारच. त्यात तुम्ही चौकशी कसली करता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कॅलिफोर्नियात राज्याच्या परवाना खात्यात आहे. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे म्हाताऱ्या माणसांना रोजच्या कामांत मदत मिळते अशी निवासं; त्यांच्याबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि तक्रार आली की 10 दिवसांच्या आत, न कळवता, तिथे जावं लागतं.

पडणं हा गुन्हा नाही, मान्य. अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चौघांतला किमान एक जण दरवर्षी पडतो. म्हणून माझं लक्ष दुसऱ्या पडण्यावर असतं. पहिल्यांदा पडल्यावर काय बदललं? एक आजी रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडल्या, दुसऱ्या वेळी खुबा मोडला. पहिल्या वेळच्या कागदावर उपाय काय लिहिलाय, तर "लक्ष ठेवावे". या दोन शब्दांची मला मनस्वी चीड आहे. कुणी ठेवायचं, किती वाजता? झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारलं का? आजी रात्री उठतात हे सगळ्यांना ठाऊक, तरी वॉकर पार खिडकीपाशी!

"माणसं कमी होती" हे सिद्ध करणं त्याहून किचकट. दिवसा किती रहिवाशांमागे किती माणसं, असा आकडा इथल्या नियमांत नाहीच. "पुरेशी" असावीत, एवढंच. रात्रीचं किमान ठरलेलं आहे : 16 ते 100 रहिवासी असतील तर एक जण जागा हवा आणि दुसरा 10 मिनिटांत पोचेल असा. शंभर म्हाताऱ्यांमागे एक जागं माणूस, आणि तेही नियमात बसतं. मग मी भिंतीवरचा ड्यूटी चार्ट बाजूला ठेवते आणि पंचिंगच्या नोंदी मागते. आजी पडल्या त्या रात्री चार्टवर तिघी होत्या, पंच दोघींचेच, त्यातली एक जेवायला गेलेली. आजींच्या गळ्यातलं मदतीला बोलवायचं बटण 2:10 ला दाबलं गेलं, 2:47 ला बंद झालं. मॅनेजर म्हणाले, "आमच्या मुली फार मायाळू आहेत." असतील की! मायेबद्दल तक्रार नव्हतीच.

आपल्या लोकांचं वेगळंच. "आईला तिथेच राहायचंय, उगाच वाकडं कशाला घ्या?" म्हणून गप्प बसतात. तक्रारदाराचं नाव आम्ही फोडत नाही, आणि तक्रारीचा राग रहिवाशावर काढणं बेकायदा आहे. पुरावा तोकडा पडला तर "सिद्ध झाली नाही" असा शेरा येतो. म्हणजे घडलंच नाही असं नव्हे. तेव्हा पडल्याचा फोन आला की त्याच दिवशी घटनेचा अहवाल आणि बटणाच्या नोंदी लेखी मागा. दोन महिन्यांनी मागितल्यात तर "सिस्टम बदलली हो" हे ऐकायची तयारी ठेवा.