मोठेबाबांचा पंप आणि माझी हुशारी

आमच्या गावाचा पिनकोड टाकला की बऱ्याच शॉपिंग ॲपवर लाल अक्षरात येते, या ठिकाणी डिलिव्हरी नाही. दारव्हा तालुक्यातलं आतलं गाव, पोस्टमन येतो पण कुरिअरवाला फिरकत नाही. मी शिकायला अमरावतीत रूम केली तेव्हापासून अर्ध्या गावाचा डिलिव्हरी ॲड्रेस म्हणजे माझी रूम. कोणाची साडी, कोणाचं मोबाईल कव्हर, एकदा तर शेजारच्या काकूंच्या मिक्सरचा नुसता जार. पंधरा दिवसांनी एसटीत पिशव्या मांडीवर घेऊन नेरमार्गे गावाला. खोटं कायले बोलू, मजा यायची, "पोट्ट्याले ऑनलाईनचं सगळं समजते" असं पारावर बोलायचे लोक.

तर २०२५ च्या खरिपात, जुलैत, मोठेबाबांचा फोन आला. "बाप्पू, फवारणीचा पंप लिकेज होऊन रायला, सारं औषध पाठीवर उतरते. पाय बरं एखादा बॅटरीचा." आमच्याकडे हे हलक्यात घ्यायचं काम नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून गळका पंप म्हटलं की मोठीआई त्यांना धुऱ्यावरही जाऊ देत नाही. २०२४ मध्ये सरकारी योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर १०० टक्के अनुदानाच्या पंपासाठी मीच त्यांचा अर्ज भरला होता, लॉटरीत नंबर काही लागला नाही.

आणि दोनच दिवसांनी रील पाहता पाहता माझ्यासमोर ॲड. डबल मोटर पंप, "शेतकरी अनुदान योजना", वर तिरंगा, किंमत १२९९. दुकानात तोच पंप तीन हजाराच्या आसपास. वेबसाईटवर घड्याळ उलटं चालू, "फक्त ७ पंप शिल्लक". कॅश ऑन डिलिव्हरी दाबलं तर म्हणे तुमच्या भागात ती सोय बंद आहे. आता इथं तरी डोकं चालवायचं ना, अमरावती शहरात सोय बंद कशी असेल? पण मोठेबाबांनी किराणावाल्याला नगदी देऊन माझ्या खात्यात पैसे टाकलेसुद्धा होते, आणि मले वाटलं सात पंप संपले तर काय सांगू त्यांना. क्यूआर स्कॅन केला, पैसे कोणाला जात आहेत ते नाव स्क्रीनवर स्पष्ट दिसलं, कंपनीबिंपनी काही नाही, साधं एका माणसाचं नाव. वाचलं आणि तरी पिन टाकला.

नंतर शांतपणे ती साईट पाहिली तेव्हा समजलं की तिच्यावर पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही, नुसता एक ईमेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे दोन्ही द्यावंच लागते. मी बीकॉमला आहे, ग्राहक संरक्षण कायद्यावर मागच्याच सेमिस्टरला मार्क मिळवले होते.

आठ दिवस पंप आला नाही. इथपर्यंत थांबलो असतो तर १२९९ गेले असते, पण मी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिलाच नंबर लावला, पलीकडून इतका गोड माणूस की काय सांगू, "सर, आपला रिफंड मंजूर झाला आहे." व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला, म्हणाला स्कॅन करा आणि त्या रकान्यात रिफंड कोड टाका, ४९९९. तो रकाना रकमेचा होता. मी कोड समजून ४९९९ टाकले आणि वरून पिन. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच बाबांना दहा वेळा शिकवलेलं आहे. मेसचे आणि रूमभाड्याचे मिळून तेवढेच होते खात्यात, वर १३ रुपये उरले.

पण माझी खरी चूक त्याच्या नंतरची. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, तेव्हाच्या तेव्हा फोन लावायचा असतो, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी दोन दिवस कोणाला बोललोच नाही. रूममेट हसतील. बाबा ओरडणार नाहीत हे माहीत होतं, ते गप्प बसले असते, आणि तेच नको होतं, २०२४ च्या हंगामात सोयाबीनला हमीभाव ४८९२ असून ४ हजाराने विकून आलेला माणूस आहे तो. दोन दिवस मेसवाल्याला तोंड चुकवून पोह्यावर काढले. शेवटी रूममेटनेच विचारलं, "काय बे, जेवून नाही रायला कायले?" तेव्हा फुटलो. तो हसला नाही. त्याचे आधीच ८०० गेले होते, बुटाच्या नादात, त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं.

१९३० वर बाई नीट बोलल्या. बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर विचारला, तक्रार क्रमांक दिला, नंतर सायबर क्राईमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले. समजलं ते असं की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग एटीएममधून बाहेर. मधल्या कुठल्यातरी खात्यात ८५० अडकले, ते होल्डवर आहेत. बँकेत गेलो तर साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगितलं, पिन तुम्हीच टाकला म्हणजे तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

ते स्क्रीनवरचं नाव अजून डोक्यातून जात नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक जण आला होता मध्यंतरी, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला पाच हजार घ्या, म्हणजे असल्या पैशासाठी खातं भाड्याने. दोन पोरं विचारात पडली होती, कारण स्कॉलरशिप यायची होती आणि मेसवाला दारात. म्हणजे माझे पैसे ज्याच्या खात्यात गेले तोही कुठल्यातरी रूमवर राहणारा, घरी खोटं सांगणारा माझ्यासारखाच एखादा असू शकतो. त्याच्यावर नीट राग धरता येत नाही, याचाच जास्त राग येते.

मोठेबाबांना पोळ्याला गेलो तेव्हा सांगितलं. त्यांनी तंबाखू चोळला, "जाऊ दे ना बे" म्हणाले, आणि दारव्ह्याच्या कृषी केंद्रातून २९०० चा पंप सोयाबीन निघेपर्यंतच्या उधारीवर आणला. ऑर्डर मात्र अजून माझ्याकडेच देतात, परवाच टॉर्च सांगितला, "पैसे हातात वस्तू आल्यावरच देजो."

दर फोनला शेवटी एक प्रश्न ठरलेला असते. "ते एकोणीसशे तीसवाले काय म्हणते मग?"

मी म्हणतो, अंडर प्रोसेस आहे.

"हाव, म्हणजे त्या महाडीबीटीच्या पंपासारखंच."