थिएन मूच्या मागच्या अंगणातली निळी गाडी

व्हिएतनाममधलं हनोई, हा लाँग, होई आन हे सगळं पाहून झालं. मनात राहिला तो ह्वे शहरातला थिएन मू हा बौद्ध विहार, आणि त्याचंही पुढचं नव्हे, मागचं अंगण.

हुओंग नदीतून बोटीने गेलो. टेकाडावर सात मजली अष्टकोनी मनोरा दिसतो. तो सम्राट थिएउ त्रीने १८४४ मध्ये उभारला. विहार मात्र १६०१ चा. आमच्या गटाला अर्धाच तास दिला होता आणि बहुतेकांचा तो मनोऱ्यापुढे फोटो काढण्यातच गेला. एवढ्या लांब येऊन लोक मागे वळूनही पाहत नाहीत, याची फार चीड आली.

मी एकटाच आत गेलो. मागे एका उघड्या पडवीत फिकट निळी ऑस्टिन गाडी उभी होती, आपल्याकडच्या जुन्या अँबॅसेडरसारखीच साधी. ११ जून १९६३ ला सायगावमध्ये साठी ओलांडलेले भिक्खू थिक क्वांग डुक याच गाडीतून चौकात आले, रस्त्यावर मांडी घालून बसले आणि सरकारच्या बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधात त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. त्या जगप्रसिद्ध फोटोत त्यांच्या मागे बॉनेट उघडलेली हीच गाडी दिसते.

ठिणगी पडली होती ती याच ह्वे शहरात. त्या वर्षी बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावायला सरकारने मनाई केली, लोक जमले, गोळीबार झाला, माणसं गेली.

ध्वज म्हणजे तोच, निळा-पिवळा-तांबडा-पांढरा-केशरी. नागपुरात आमच्या गॅलरीला तो दरवर्षी लागतो. आई आदल्या दिवशी धुऊन इस्त्री करते आणि काठीला बांधायचं काम माझं. मी कितीदा कंटाळा केलाय, उद्या बांधतो म्हणालोय.

शेजारी एक म्हातारी बाई हात जोडून पुटपुटत होती. भाषा कळेना, पण ‘नाम मो’ एवढं स्पष्ट ऐकू आलं. आपलंच ‘नमो’. मीही हात जोडले. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि जरा सरकून मला गाडीसमोर जागा करून दिली.

बोटीवर पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. सगळे खोळंबले होते, गाईड बोलला. मी सर्वांची माफी मागितली. पुन्हा गेलो तरी तिथेच थांबेन.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने पहिलं विचारलं, “तिथं ध्वज होता का रे?”

“दारातच होता, आई.”