तालुक्याचा कॉलम

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस धड सुरू झाला नव्हता, उकाडा असा की पंख्याखाली बसून पण पाठ चिकटत होती आणि मी एक्सेलशी झटापट करत बसले होते. आमचं व्यसनमुक्ती केंद्र रत्नागिरीत, १५ खाटांचं. मी तिथे समुपदेशक, म्हणजे कागदावर समुपदेशक, बाकी अॅडमिशनचे फॉर्म, नातेवाईकांची समजूत, रिपोर्ट आणि लाइट गेली की इन्व्हर्टर बघणं हे पण माझ्याचकडे. दर तीन महिन्यांनी वरून एक तक्ता येतो, पेशंटचं वय, लिंग, धंदा, कुठलं व्यसन, तालुका. तालुक्याच्या कॉलमला बाण दाबला की नऊ नावं खाली येतात, मंडणगडपासून राजापूरपर्यंत, दहावं काही टाइप करायला गेलात तर शीट लाल होते.

हा तक्ता भरताना मला दर वेळी एक गंमत वाटते. २०११ च्या जनगणनेत आमचा जिल्हा १६ लाख १५ हजारांचा आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. वर लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी झालेली. सगळीकडे माणसं वाढतात, आमच्याकडे ती मुंबईला जातात. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आम्ही अजून तेच जुने आकडे धरून बसलोय. म्हणजे कागदावर बघाल तर हा बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा जिल्हा, आणि वॉर्डात याल तर १५ च्या १५ खाटांवर पुरुष. बायका असतात, पण बाहेर बाकावर, डबा घेऊन.

त्या दिवशी बाकावर जी आजी होती ती संगमेश्वरकडची, सत्तरीची असेल. नवरा गिरणीत होता, ८२ च्या संपानंतर गावी आला. मुलगा मुंबईत एका कंपनीत लागला, कोविडमध्ये कंपनी बंद पडली आणि तो पण आला. "बाय, गनपतीला आला असता तर म्हनलं असतं चाकरमानी आला, ह्यो आला तो आलाच," असं ती मला सांगत होती आणि सांगता सांगता बोटाने मिश्री लावत होती. मी म्हटलं आजी इथे नको, पाटी वाचा. तर म्हणे माजी मिश्री काय दारू हाय काय? आता काय बोलणार? २०१९ ला एम्सने देशभराचा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात दारू पिणारी एक बाई तर पुरुष १७ असं निघालं, पण त्यात तंबाखू धरलेलाच नाही. धरला असता तर आमच्या आज्यांनी आकडा बदलून दाखवला असता.

तिच्या मुलाचा दारू बंद होऊन तिसरा दिवस होता, आणि दारूच्या पेशंटला आम्ही याच दिवसांना घाबरतो. दारू अचानक थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. हा सकाळपासून चादरीवरचे किडे उचलून खिशात टाकत होता, किडे अर्थात नव्हतेच. आजीला वाटलं कुणीतरी काहीतरी केलंय, गावी जाऊन गाऱ्हाणं घालायला हवं. मी म्हटलं घाला, पण आधी सिस्टरना थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन देऊ दे. (थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका असतो, हे आमच्याकडचा वॉर्डबॉय पण आता पाठ म्हणून दाखवतो.)

अकराच्या सुमाराला एक रिक्षा आली. मिरकरवाडा बंदरातला एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, पन्नाशीचा, दाढीवाला, आणि त्याच्या खांद्यावर लटकलेला एक पोरगा. नेपाळी. बोटीवरचा खलाशी. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद होते, बोटी वर ओढून शाकारतात, मालक सीझनचा हिशोब करून पैसे हातावर ठेवतात आणि नेपाळचे, कर्नाटकचे खलाशी गाडी पकडून गावी जातात. आंब्याच्या बागा राखणारे पण तेव्हाच जातात. दोन महिने हे शहर निम्मं रिकामं झाल्यासारखं वाटतं, बंदरावर तर नक्कीच, पण ही माणसं आमच्या शहराच्या ७६ हजारांत मोजलेली आहेत की नाहीत देव जाणे. जनगणनावाले फेब्रुवारीत येतात, तेव्हा हे लोक समुद्रात असतात.

तांडेल म्हणाला, "मॅडम, याचं पोट बिघडलंय. जुलाब, ओकाऱ्या. एका दवाखान्यात दोन बाटल्या लावल्या, फरक नाही. बाकीची पोरं गेली गाडीने, हा राहिला."

मी म्हणाले, मग इथे कशाला आणलंत, हे दारूवाल्यांचं आहे.

तो काही बोलला नाही. खिशातून एक रुमाल काढून टेबलावर उघडला. आत सिगारेटच्या पाकिटातली चांदी, मधोमध करपलेली, तपकिरी ओघळ असलेली. पन्नी, जिच्यावर ब्राऊन शुगर जाळून धूर ओढतात ती.

मग मी पोराकडे नीट बघितलं, जे मी आधीच करायला हवं होतं. एवढ्या उकाड्यात त्याच्या दंडावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा. नाक वाहतंय, डोळ्यांतून पाणी आणि जांभया, एकामागून एक, जबडा निखळेल अशा. पोट बिघडलेला माणूस जांभया देत नाही हो. डोळ्याच्या बाहुल्या भर उजेडात पण मोठ्या. मुंबईकडून आलेले आमचे जुने पेशंट याला, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाला, 'टर्की लागली' म्हणतात. आमच्याकडे ब्राऊन शुगरचे पेशंट दारूच्या मानाने कमी, म्हणून डोकं पटकन तिकडे जात नाही. त्या दवाखान्याचं पण गेलं नाही, मी त्यांना फार दोष देत नाही, रिक्षातून उतरताना माझं तरी कुठे गेलं होतं?

पोराला हिंदी तोडकी येत होती आणि मराठी फक्त बोटीवरची, म्हणजे ओढ, सोड, बर्फ आण आणि शिव्या. त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "पोलीस?" मी त्याला सांगितलं, उपचाराला स्वतःहून आलेल्या व्यसनी माणसाला अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे. हे त्याला शष्प कळलं नसणार, पण मी दोन्ही हात हलवून पोलीस नाही म्हटलं ते कळलं.

डॉक्टर सर आले. कधी घेतलं शेवटचं? पोराने दोन बोटं दाखवली आणि झोपण्याची खूण केली, म्हणजे दोन रात्रींपूर्वी. हे विचारणं का महत्त्वाचं तर हा त्रास थांबवायला आम्ही जी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतो ती अंगात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, असताना दिली तर गर्दाला जागेवरून हुसकावून लावते आणि माणूस बरा व्हायच्या ऐवजी तासाभरात आणखी वाईट होतो. म्हणून आधी त्रास पुरेसा सुरू झालाय का ते मोजतात, नाडी, घाम, काटा, जांभया, अशा ११ गोष्टींना मार्क. त्याचे १९ आले. सर म्हणाले, द्या.

आणि इथे गाडी अडली. आमच्या मॅनेजरांचा नियम आहे की नातेवाईकाची सही नाही तर अॅडमिशन नाही, उद्या काही झालं तर बॉडी कुणाच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सर म्हणाले, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो, नातेवाईक लागत नाही. मॅनेजर म्हणाले, सर कायदा बरोबर आहे पण फॉर्मवर रकाना आहे. मी मध्ये काही बोलले नाही. खरं सांगायचं तर आदल्या वर्षी बागेतल्या एका राखणदाराला मीच याच रकान्यामुळे परत पाठवलं होतं, घरच्या कुणाला तरी घेऊन या म्हणून. कुठून आणणार होता तो? दोन हजार किलोमीटरवरून? तो काही परत आला नाही आणि मी पण चौकशी केली नाही.

तांडेल हे सगळं ऐकत होता. त्याने पेन उचललं आणि सही केली. मॅनेजरांनी विचारलं, नातं? म्हणाला, लिहा मामा. मॅनेजरांनी एकदा पेशंटचं नाव वाचलं, एकदा याचं नाव वाचलं, एकदा याच्या दाढीकडे बघितलं. आणि लिहिलं, मामा.

२ मिलिग्रॅमची गोळी, जिभेखाली, गिळायची नाही, बोलायचं नाही. सिस्टर घड्याळ लावून समोर उभी. पाऊण तासाने जांभया कमी झाल्या, काटा गेला, आणखी एक गोळी दिली आणि पोरगा भिंतीकडे तोंड करून झोपला. चमत्कार वाटतो, पण तो चमत्कार नाही, नुसती पहिली पायरी आहे. जेवायच्या वेळेला बघते तर आजी त्याच्या उशाशी. स्वतःचा मुलगा औषधाने गाढ झोपलेला, त्याच्यासाठी आणलेली पेज फुकट जाईल म्हणून ती याला वाटीने पाजत होती आणि "गिळ रे मेल्या" म्हणत होती. याला ते कळत होतं, बोटीवर शिकलेला ना.

त्याच एम्सच्या सर्व्हेत असं आहे की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कुठलीतरी मदत मिळते, आणि भरती होऊन उपचार मिळणारा १८० मध्ये एक. मी हे आकडे ट्रेनिंगमध्ये दहा वेळा स्लाइडवर दाखवलेत. त्या दुपारी पहिल्यांदा मनात आलं की उरलेल्यांतले किती जण आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत येऊन परत गेले असतील.

आजीचा मुलगा पाचव्या दिवशी माणसात आला, आईला बघून रडला, महिनाभराने घरी गेला. नंतर एकदा परत प्यायला, परत आला, हे चालतंच. नेपाळी पोराचं अवघड होतं. दहा दिवसांनी तो म्हणाला अछामला जातो, घरी. मी विचारलं तिकडे ही गोळी मिळेल? त्याला माहीत नव्हतं, मला पण नाही. पाकीटभर गोळ्या हातात देता येत नाहीत आणि बंद केली तर गाडीतच टर्की लागायची. त्याहून मोठी भीती वेगळी, गर्द काही दिवस बंद राहिलं की अंगाची सवय मोडते आणि मग माणूस जुन्याच मापाने घ्यायला जातो आणि मरतो. हे मी त्याला चित्र काढून समजावलं, पुडीचं, माणसाचं, आडव्या माणसाचं. चित्रकला माझी भयंकर आहे पण तो हसला नाही.

शेवटी तांडेलानेच मार्ग काढला. जाळी शिवायला शेडमध्ये माणूस लागतोच म्हणाला, राहू दे सीझन सुरू होईपर्यंत, जेवण माझ्याकडे. तेव्हापासून पोरगा रोज सकाळी दहाला ओपीडीत यायचा, जिभेखाली गोळी धरून बाकावर दहा मिनिटं मुकाट बसायचा आणि जायचा. पावसात छत्री नसायची, खताची गोणी डोक्यावर. दोनदा आला नाही, तेव्हा मी तांडेलाला फोन केला, एकदा ताप होता आणि एकदा खरंच पन्नी मारली होती. ओरडले नाही, पुन्हा मोजून सुरू केलं.

जुलैच्या मध्यावर वरून फोन आला. मॅडम, तुमच्या तक्त्याची टोटल जुळत नाही, तालुकानिहाय एक पेशंट कमी पडतोय, एका ओळीत तालुका रिकामा आहे. मी म्हटलं तो इथला नाहीये, यादीत त्याच्या गावाकडचं नावच नाही. तिकडून म्हणाले, नाही मॅडम, रिकामं चालत नाही, शीट पुढे जात नाही.

बाहेर बाकावर तो बसलेलाच होता, तोंड मिटून, गोणीतून पाणी गळतंय. मी बाण दाबला आणि रत्नागिरी टाकलं.

"हां, आता आलं," म्हणाले, "आता तेवढा वयाचा कॉलम बघा, त्यात पण दोन चुका आहेत."