१० मीटर एअर रायफल : तिसऱ्या महिन्याची नोंद

जूनमध्ये ६० शॉट्सना ५८८.४ गुण होते, परवाच्या रविवारी ६०१.७ झाले. आमच्या रेंजवरची शाळकरी पोरं ६२० च्या खाली गेलं की तोंड पाडून बसतात, त्यामुळे आकडा मिरवण्यासारखा नाहीच. पण दर शॉटची सरासरी ९.८ वरून १०.० च्या जरा पुढे सरकली आणि छर्रे निम्मेच लागले, म्हणून लिहितोय.

आधी माझा सराव म्हणजे डबा उघडायचा, शंभर-सव्वाशे छर्रे उडवायचे आणि खांदा भरून आला की घरी. पहिले तीस बरे जायचे, मग सगळी खिचडी. शेजारच्या लेनवरची एक मुलगी, असेल पंधरा वर्षांची, एकदा सरळ म्हणाली, "काका, तुम्ही बंदूक खाली का घेत नाही? वीस-वीस सेकंद धरून ठेवता." राग आला. गाडी काढताना पटलं.

आता मंगळवारी घरी, छर्रा एकही नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री, मग कोऱ्या भिंतीसमोर एक मिनिट धरायची, एक मिनिट ठेवायची, असं दहा वेळा. नंतर वीस ड्राय शॉट्स, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायचा. समोर लक्ष्याचं काळं वर्तुळ नसलं की ट्रिगरवरचं बोट काय करतं ते कळतं. माझं शेवटच्या क्षणी चक्क घाई करत होतं. माझी रायफल हवेच्या सिलिंडरवर चालते आणि तिला ड्राय फायरची सोय आहे. स्प्रिंगवाली असेल तर हा प्रकार करू नका, छर्रा नसला की पिस्टन आपटतो आणि आतलं सामान खराब होतं.

गुरुवारी रेंजवर फक्त ३० शॉट्स. उभं राहिल्यावर डोळे मिटून दोन श्वास, मग उघडून बघायचं. नेम डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही, पावलं सरकवायची. हे प्रत्येक सिरीजच्या, म्हणजे दहा शॉट्सच्या गटाच्या, आधी, कंटाळा आला तरी. आणि नियम एकच: काळं वर्तुळ नेमात स्थिरावल्यापासून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर बंदूक खाली.

या महिन्यात खरा शोध लागला तो वहीमुळे. शॉट सुटला की गुण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे न बघता 'कुठे गेला' ते आधी लिहायचं. मी लिहायचो 'मधे', आणि मॉनिटरवर उजवीकडे ९.४. एकदा नाही, एका सिरीजमध्ये चारदा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे केंद्रापासून अडीच मिलिमीटर सरकला तरी १०.० मिळतात. ९.४ म्हणजे जवळपास चार मिलिमीटर. एवढं सरकतं आणि मला कळत नाही? सायटचे (नेम धरायच्या दुर्बिणीवजा भागाचे) क्लिक फिरवले, छर्र्यांचा डबा बदलला. शेवटी मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरण केलं तेव्हा दिसलं: आकडा बघायच्या हावेपोटी शॉट सुटतानाच गाल स्टॉकवरून (बंदुकीच्या दस्त्यावरून) उचलला जात होता! फॉलो थ्रूवर, म्हणजे शॉट सुटल्यावरही जागचं न हलण्यावर, मीच नवख्यांना प्रवचन देत असतो, हे विशेष. तेव्हापासून मॉनिटरवर नॅपकिन टाकतो आणि पाच शॉट्स झाले की उचलतो. उजवीकडची गळती पंधरा दिवसांत जवळजवळ थांबली.

एकाआड एक रविवारी पूर्ण सामना: १५ मिनिटं तयारी आणि सायटर्स (गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट्स), मग ७५ मिनिटांत ६०. परवा त्यात १९ वेळा बंदूक खाली घेतली, तरी ११ मिनिटं उरली. वेळ पुरणार नाही ही भीती उगाचच होती.

शेवटची सिरीज मात्र ९८.२. कंबर बोलायला लागते आणि डावं कोपर कमरेच्या हाडावरून घसरतं. पुढच्या महिन्यात मंगळवारची दहाची बारा मिनिटं करून बघतो.