आमची वाटचाल : प्रतिपिंडांच्या तुकड्यांचा व्यवसाय

भोसरीतील एका गाळ्यात आमची कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही सशाच्या रक्तद्रवातून शुद्ध केलेली अखंड प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, प्रयोगशाळांना पुरवत होतो. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाचे वजन सुमारे 150 किलोडाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) असते; त्यातील दोन जड व दोन हलक्या साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात आणि वाय अक्षराच्या आकाराच्या या रेणूच्या दोन्ही हातांच्या टोकांशी प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटते तो घटक, धरण्याची जागा असते. खालचा दांडा, म्हणजे एफसी, पेशींवरील ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतो. शरीराची ती सोय असली, तरी पेशींची तपासणी करणाऱ्यासाठी ती डोकेदुखी ठरते, कारण अपेक्षित प्रतिजन नसलेल्या पेशीही रंगून निघतात. ग्राहक हीच तक्रार वारंवार करू लागले, म्हणून दांडा काढलेले तुकडे बनवण्याचे आम्ही ठरवले.

वाट मळलेली होती. रॉडनी पोर्टर यांनी सशाचे प्रतिपिंड पपईच्या चिकातील पपेन या विकराने, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने, कापून त्याची रचना उलगडण्याचा मार्ग 1959 मध्ये दाखवला आणि 1972 चे नोबेल जेराल्ड एडेलमन यांच्यासह मिळवले. हात आणि दांडा यांना जोडणाऱ्या लवचिक भागाला बिजागरी म्हणतात. पपेन बिजागरीच्या वर कापते, त्यामुळे सुमारे 50 किलोडाल्टनचे दोन सुटे हात, म्हणजे फॅब, मिळतात. पेप्सिन हे दुसरे विकर आम्ल माध्यमात बिजागरीच्या खाली कापते, त्यामुळे दोन्ही हात जोडलेलेच राहतात आणि दांड्याचा चुरा होतो. आपल्याकडे सर्पदंशावर देतात ते प्रतिविषही घोड्याच्या प्रतिपिंडांवर पेप्सिनची प्रक्रिया करूनच बनते.

प्रत्यक्षात प्रत्येक प्राण्याची बिजागरी वेगळी वागते. सशाचे प्रतिपिंड पपेनला सहज दाद देते. उंदराचे आयजीजी-वन (आयजीजीचा एक उपप्रकार) पेप्सिनला चिवटपणे तोंड देते, म्हणून तेथे अंजिराच्या चिकातील फायसिन वापरावे लागते. (पपई आणि अंजीर एकाच शीतकपाटात ठेवणारी आमची प्रयोगशाळा पाहुण्यांना फळबागेची शाखा वाटते.) विकराला वेळ जास्त मिळाला तर फॅबही झिजतो, कमी मिळाला तर अखंड रेणू उरतो. सशाच्या मालातील उरलेला अखंड रेणू आणि एफसी आम्ही प्रोटीन-ए या दांड्याला पकडणाऱ्या प्रथिनाच्या स्तंभावर अडवतो. उत्पादन थोडे घटले तरी चालेल, पण दांड्याचा अंश मालात राहता कामा नये, असा आमचा आग्रह आहे. त्यामुळे आमचा भाव थोडा चढा असतो आणि काही ग्राहक त्यावरून घासाघीस करतात.

अलीकडे सुट्या फॅबची मागणी वाढली आहे. लहान प्रथिनांना फॅब बांधला की अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखणे सोपे जाते. मात्र एकच हात असल्याने तो दोन प्रतिजनांना जोडू शकत नाही, म्हणून अवक्षेपण (रेणू एकमेकांत गुंतून साका बसणे) अपेक्षित असलेल्या चाचणीसाठी पेप्सिनने मिळणारी जोडलेल्या हातांची जोडीच घ्यावी, असे आम्ही मागणी नोंदवतानाच सांगतो.